गोजराबाईंचं मूकगायन

कोणतीही कला प्रत्यक्ष करून पाहिल्याने तिच्याविषयीचा आदर कमी होतो, हे सत्य मानवजातीला फार उशिरा कळलं आणि नाशिक रोडला त्यातल्या त्यात लवकर कळलं. माणूस गायला लागला की शेजारी खिडक्या लावून घेतात. नाचायला लागला की गुडघे बोलू लागतात. नाटकात काम करू लागला तर घरचे लोक बोलायचे थांबतात. याउलट गाणं, नाच आणि नाटक यांच्याविषयी पुस्तक वाचणाऱ्या माणसाला आजवर कुणी ‘बंद कर’ म्हटल्याची नोंद नाही. या एका विचारावर आमचं नाशिक रोड प्रयोगकला ग्रंथाभ्यास मंडळ उभं आहे. (खरं म्हणजे ते एका पिठाच्या गिरणीवर उभं आहे. विचार नंतर आला.)

मंडळाची स्थापना एका दुःखद अनुभवातून झाली. आमचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक हिरामण सर, बऱ्याच वर्षांपूर्वी शहरातल्या एका नाट्यगृहात नाटक पाहायला गेले होते. पहिल्या अंकात पुढच्या रांगेतल्या गृहस्थाला दोनदा फोन आला आणि त्याने दोन्ही वेळा तो घेतला. दुसऱ्या अंकात डास आले. तिसऱ्या अंकात नायिका मेली, पण नेमकी त्याच वेळी मागे कुणीतरी वेफर्सची पिशवी फोडली, त्यामुळे तिने मरताना काय सांगितलं ते सरांना अखेरपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी त्या नाटकाचं पुस्तक आणून वाचलं. त्यात फोन नव्हता, डास नव्हते आणि नायिका सबंध दीड पान स्पष्ट बोलून मग मेली होती. सरांनी त्याच दिवशी ठरवलं की यापुढे प्रयोगकलांचा आस्वाद घ्यायचा तो पुस्तकातूनच.

आज मंडळाचे त्रेसष्ट सभासद आहेत. स्थापनेपासून एकाचाही पाय मुरगळलेला नाही, एकाचाही घसा बसलेला नाही, एकाही सभासदावर अंडं फेकलं गेलेलं नाही. चष्म्याचा नंबर मात्र एकोणचाळीस जणांचा वाढला आहे, आणि तो आम्ही साधनेचा भाग मानतो. मी या मंडळाचा कार्यवाह. नियम करणं आणि ते पाळले जातात का हे पाहणं ही दोन्ही कामं माझ्याकडेच असल्यामुळे मंडळात शिस्त आहे.

मंडळाचे तीन विभाग आहेत. नाट्य विभागात दर मंगळवारी नाटक होतं, म्हणजे प्रत्येक सभासद एकेक पात्र घेऊन आपापली वाक्यं मनात वाचतो. वाचून झाली की अंगठा वर करतो, मग पुढच्याने सुरुवात करायची. भांडणाचा प्रवेश असेल तर पानं जोरात उलटायची मुभा आहे. आमच्यातल्या एका सभासदाने खलनायक इतका उत्कट वाचला की पुढचे दोन महिने त्याला कुणी चहा विचारला नाही.

नृत्य विभागाकडे एकच ग्रंथ आहे, पण तो पुरेसा आहे. त्यात पावलांच्या आकृत्या आहेत, काळं पाऊल डावं आणि पांढरं उजवं. ग्रंथ जमिनीवर उघडा ठेवायचा आणि भोवती उभं राहून पाहायचं. गिरणीचं पीठ वर येत असल्यामुळे काही काळाने दोन्ही पावलं पांढरी दिसतात, मग फुंकर मारावी लागते. या ग्रंथाची एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस ही पानं नाहीत. (कुणीतरी त्यांत चिवडा बांधून नेला असावा, उरलेल्या पानांवर तेलाचे डाग आहेत.) चाळिसाव्या पानावर नर्तकाने उजवा पाय वर उचललेला आहे आणि एकोणपन्नासाव्या पानावर तो प्रेक्षकांना नमस्कार करतो आहे. मधे काय होतं यावर आमच्याकडे वर्षभर चर्चासत्रं झाली. शेवटी सर्वानुमते ठरलं की मधे काहीच होत नाही, आणि हेच आमच्या घराण्याचं वैशिष्ट्य आहे.

पण मंडळाचा मुकुटमणी म्हणजे संगीत विभाग. दर शुक्रवारी आमची मूक मैफल असते. एका पाटावर मंडळाचा जाडा संगीतग्रंथ उघडून ठेवतात, समोर त्या दिवशीचा गायक बसतो आणि तो ग्रंथ मनात वाचतो. श्रोते आपापल्या प्रतीत त्याच्याबरोबर वाचतात. नवा माणूस विचारतो, समेवर सगळे एकत्र कसे येणार? त्याची सोय देवळाली कॅम्पने केलेली आहे. तिकडे तोफांचा सराव असला की इकडे आमच्या खिडक्यांची तावदानं हलतात. तोफ वाजली की सम आली असं धरायचं, माना हलवायच्या आणि सरांनी ‘वाहवा’ म्हणायचं. एका शुक्रवारी लष्कराला सुट्टी असल्याचं आम्हाला कुणी कळवलं नाही. सगळे त्याच ओळीवर पाऊण तास अडकले होते. शेवटी खाली गिरणीचा पट्टा तुटला आणि त्या आवाजावर मैफल सुटली.

तर अशा या मंडळाच्या जिन्यावरून माघ महिन्यात एक दिवस गोजराबाई वर आल्या.

गोजराबाईंचं वय सत्तरच्या पुढे. यजमान नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होते, ते गेल्यावर त्या मुला-सुनेबरोबर इथेच नाशिक रोडला राहतात. माहेर निफाड तालुक्यातलं आणि आवाजही तिकडचाच, म्हणजे शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. त्या दारातच धापा टाकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, इथं गान्याचा दाखला भेटतो का?”

मी म्हटलं, “मिळतो. पण आधी बसा आणि हळू बोला. आत नाटक चालू आहे.”

त्यांनी आत पाहिलं. आत सात माणसं गप्प बसली होती आणि एकाचा अंगठा वर होता. त्या एकदम हळू बोलायला लागल्या. त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांची नात निकिता हिचं वैशाखात लग्न होतं. स्थळ विंचूरचं, कांद्याचे मोठे व्यापारी. हळदीचा कार्यक्रम तिकडच्याच एका लॉन्सवर ठरला होता. (नाशिक जिल्ह्यात माणूस घरात जन्मतो आणि लॉन्सवर लग्न करतो. मधल्या काळात तो लॉन्सवर इतरांची लग्नं जेवतो.) निकिता लहान असताना गोजराबाईंनी तिला शब्द दिला होता की तुझ्या हळदीला मी गाणार. तो शब्द एरवी अवघड नव्हता, कारण गल्लीतल्या झाडून सगळ्या हळदींना त्या गायल्या होत्या. सुनेच्या, म्हणजे आशाच्या हळदीलासुद्धा त्याच गायल्या होत्या.

पण आता हळदीला संगीत असतं, आणि संगीताला इव्हेंट मॅनेजर असतो. या मॅनेजरचं नाव संतोष. त्याचा नियम होता की माइक फक्त ट्रेन्ड माणसाच्या हातात द्यायचा. हा नियम मला मनापासून आवडला. निकिता म्हणाली होती, “आजी, मला चालेल गं, पण संतोषला विचारावं लागेल.” आणि आशा म्हणाली होती, “आई, समोर त्यांचे सगळे व्यापारी लोक बसलेले असणार. तुम्ही आपलं तोंड उघडाल आणि मग? कुठं रीतसर शिकला असता तर गोष्ट वेगळी.” गोजराबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी उठून त्या रीतसर शिकायला निघाल्या, आणि नाशिक रोडमध्ये ज्या पाटीवर ‘संगीत’ हा शब्द दिसला त्या पाटीखाली, म्हणजे आमच्या संगीत विभागाच्या पाटीखाली, शिरल्या.

“म्या गाते चांगली,” त्या म्हणाल्या. “निस्ता दाखला द्या. म्हनून दाखवू का?”

मी घाईने हात वर केला. नियम क्रमांक तीननुसार मंडळाच्या जागेत गाणे, गुणगुणणे, ठेका धरणे, चुटक्या वाजवणे आणि सुरात जांभई देणे यांस मनाई आहे. पान उलटताना होणाऱ्या आवाजास सूट आहे. मी त्यांना सांगितलं, “आजी, आधीपासून गाता येणं ही आपल्याकडे मोठी अडचण समजतात. ती हळूहळू दूर करू.”

त्यांचा अभ्यास सुरू झाला. चौथीपर्यंत शाळा झालेली, त्यामुळे वाचायला येत होतं, पण ओठ हलवून. हा दोष गंभीर होता. ओठ हलले की मागून आवाज येतोच, हे आमच्या अनुभवाचं आहे. पहिल्याच आठवड्यात त्या सतराव्या पानावर गुणगुणताना सापडल्या. (ते पान कागदावर सूर लिहिण्याच्या पद्धतीविषयी होतं. त्यात गुणगुणण्यासारखं काय सापडलं ते त्यांनाच ठाऊक.) शिस्तभंगाची कारवाई म्हणून त्यांना आठ दिवस नृत्य विभागात पाठवण्यात आलं. तिथे त्या आकृत्यांवरचं पीठ पदराने पुसत बसल्या आणि एकदा त्यांनी विचारलं, “ह्या बाबाचा पाय खाली कवा येतो?” त्यावर हिरामण सरांनी त्यांना घराण्याचं वैशिष्ट्य समजावून सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात त्या ग्रंथ घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. बोट पानात घालून त्यांनी विचारलं, “भाऊ, निम्मं पुस्तक झालं. ह्याच्यात गानं कुठं हाय?”

“आजी, हे गाण्याविषयीचं पुस्तक आहे.”

“ते कळलं. पन गानं?”

“आता असं पाहा,” मी म्हणालो, “लग्नाविषयीच्या पुस्तकात नवरा असतो का?”

त्यांनी विचार केला. “नसल तर ते घेऊन करायचं काय?”

अशिक्षित मनाला हा टप्पा अवघड जातो. मी रागावलो नाही. त्यांना पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लावलं.

आणि फाल्गुन संपता संपता बाईंमध्ये खरोखर फरक पडू लागला. ओठ हलायचे थांबले. मान हलायची थांबली. त्यांच्या शेजारणी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या की पूर्वी गोजराबाईंचं पहाटे नळावर बादली भरताना गाणं चालायचं, त्या आवाजावर आम्ही उठायचो, आता महिनाभर सगळ्यांना ऑफिसला उशीर होतोय. मला त्या दिवशी किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. एका सामान्य बाईचा इतका गाढ अभ्यास व्हावा आणि तो नळापर्यंत पोचावा, यापेक्षा संस्थाचालकाला आणखी काय हवं असतं?

चैत्रात एका दुपारी त्या बराच वेळ ग्रंथ मिटून बसल्या होत्या. मी कारण विचारलं.

“काय सांगू भाऊ,” त्या म्हणाल्या, “आता गानं तोंडापत्तुर येतं. मग मला वाटतं, ह्याचं त्या पुस्तकात काय नाव व्हतं? ते आठवस्तवर गानं जातं निघून. काल निकीच्या बांगड्या भरल्या. कासारीन म्हनली, आजी म्हना की काही. तर मला काहीच आलं नाय.” त्यांचे डोळे भरले होते. “निकीला काय तोंड दाखवू?”

मी त्यांचं अभिनंदन केलं. हा अभ्यास पूर्ण झाल्याचा निश्चित पुरावा होता. त्याच शुक्रवारी त्यांना प्रमाणपत्र देण्यात आलं. त्यावर लिहिलं होतं: ‘प्रमाणित करण्यात येते की, श्रीमती गोजराबाई यांनी गायनकलेचे संपूर्ण ज्ञान कोणताही आवाज न करता संपादन केले आहे. प्रमाणपत्रधारकाने जाहीर सादरीकरण मंडळाच्या पद्धतीनेच करावयाचे असून अन्यथा हे प्रमाणपत्र रद्द समजण्यात येईल.’ आशाने ते वाचलं की नाही ठाऊक नाही, पण तिने ते लॅमिनेट करून घेतलं. संतोषने ते लांबून पाहिलं, त्यावरचा गोल शिक्का पाहिला आणि गोजराबाईंना चार मिनिटं दिली. धुरातून वर-वधूचं आगमन झाल्यावर आणि चुलतभावांच्या सामूहिक नाचाच्या आधी.

हळदीला मंडळ एक छोटी बस करून गेलं. आमच्या संस्थेच्या पद्धतीचं हे पहिलंच जाहीर सादरीकरण होतं. प्रत्येकाने आपापली प्रत बरोबर घेतली होती. उन्हं कलली होती तरी लॉन्सवर झळा होत्या. गवत प्लास्टिकचं, फुलं प्लास्टिकची, नवरदेवाचा गॉगल खरा. पिवळ्या कपड्यांतली पाचशे माणसं, त्यांच्या डोक्यावर फ्लेक्स, फ्लेक्सवर जवळपास तीच माणसं. डीजेचा ठोका असा होता की खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पोटातला चहा हलत होता. पहिल्या रांगेत नवरदेवाची आजी साळूबाई दोन्ही कानांत कापूस घालून बसली होती. एवढ्या गर्दीत संगीताची खरी जाण तिलाच असावी असं मला वाटलं.

मग धूर झाला, वर-वधू आले, आणि संतोषने माइक घेतला. “तो अब आ रही हैं हमारी ट्रेन्ड आर्टिस्ट, निकिताची दादीजी! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!”

डीजे थांबला. गोजराबाई स्टेजवर चढल्या. त्यांनी नवी नऊवारी नेसली होती, कपाळाला निकिताच्या हळदीचं बोट लागलं होतं. त्या चौरंगावर बसल्या, मांडीवर ग्रंथ उघडला, चष्मा लावला. संतोषने माइक त्यांच्या तोंडासमोर धरला. आणि गोजराबाई वाचू लागल्या.

पद्धत निर्दोष होती. ओठ हलत नव्हते. माइकमधून पान उलटल्याचा तेवढा आवाज सबंध लॉन्सभर गेला. अर्धं मिनिट झालं. लोक पाहत राहिले. कांद्याच्या बाजारात सकाळी पिकअपच्या रांगा लागतात आणि रात्रीपर्यंत एक क्षण शांतता नसते, त्या मुलखातली पाचशे माणसं एकाच वेळी गप्प होती. जिलेबी तळणाऱ्याने झारा थांबवला. तेव्हा तिसऱ्या रांगेतले एक अनुभवी गृहस्थ, ज्यांना रोज चार कार्यक्रमांना हजेरी लावावी लागते, ते सवयीने उभे राहिले. त्यांनी हात पुढे बांधले आणि मान खाली घातली. ते उभे राहिले म्हणून त्यांचे कार्यकर्ते उभे राहिले. कार्यकर्ते उभे राहिले म्हणून चौथी रांग उभी राहिली. मग सगळा लॉन्स उभा राहिला. पुरुषांनी टोप्या काढल्या. कुणीतरी मुलाच्या पाठीत धपाटा घालून त्याला सरळ उभं केलं.

माझ्या मागे दोघं कुजबुजत होते.

“कोन गेलं रे?”

“आपल्यातलं नाय. नवरीकडचं असंल.”

“अन् हळद?”

“मोठ्या मनाची लोकं हाय. दुःख पोटात ठेवून करत्याय.”

उजवीकडची एक बाई हुंदका देऊन रडायला लागली. नवरीकडच्यांना वाटलं नवरदेवाकडचं कुणी गेलं, नवरदेवाकडच्यांना वाटलं नवरीकडचं. एकाने तेवढ्यात आपल्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकून दिलं, आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली. पण मी हे सगळं नंतर जुळवलं. त्या क्षणी मी फक्त तृप्त होतो. गायक सुरू करतो न करतो तोच सबंध प्रेक्षागृह उठून उभं राहतं, हे आजवर कुठल्या गवयाच्या नशिबी आलं होतं? हिरामण सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी अतिशय दबक्या आवाजात ‘वाहवा’ म्हटलं, आणि दोघा-तिघांनी त्यांचं सांत्वन केलं.

एकटी साळूबाई उठली नव्हती. तिला गुडघ्यांमुळे उठवत नव्हतं. तिने आजूबाजूला पाहिलं, एका कानातला कापूस काढला, मग दुसऱ्या कानातला, आणि त्या शांततेत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “अवं विहीणबाई, हळद लागली का सुतक लागलं? लय वरसात कुनी हळदीला म्हनलं नाय बाई आमच्याकडं. म्हना की काहीतरी!”

गोजराबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग निकिताकडे पाहिलं. पोरगी पिवळ्याजर्द तोंडाने आजीकडे अशी बघत होती, जसं शाळेच्या फाटकाशी उभं राहून न्यायला कुणी आलं की नाही हे बघावं. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना धीर यावा म्हणून बोटांनी खूण केली, पान एकशे बारा. त्यांनी बोटाला थुंकी लावली. पान धरलं. पण उलटलं नाही. ग्रंथ मिटला, चौरंग बुटका होता म्हणून तो ग्रंथच बुडाखाली घेतला आणि त्याच्यावर नीट बसल्या.

आणि गायला लागल्या. आवाजासह.

आता इथे माझी जबाबदारी सुरू झाली. काय गायलं जात आहे हे मंडळाच्या कार्यवाहाला माहीत असायला हवं. मी ताबडतोब माझी प्रत उघडली आणि शेवटची सूची काढली. ‘हळद’ या नोंदीपुढे लिहिलं होतं, ‘पाहा: विवाहसंस्कार’. विवाहसंस्कार काढलं. तिथे लिहिलं होतं, ‘पाहा: स्त्रियांची गाणी’. स्त्रियांची गाणी हा शब्द ‘स’मध्ये शोधावा की ‘ग’मध्ये, यात थोडा वेळ गेला. तो मिळाला तिथे लिहिलं होतं, ‘पाहा: हळद’. मी पुन्हा पहिल्यापासून निघालो, कारण एखादी नोंद नजरेतून सुटली असण्याची शक्यता होती. पुढे-मागे काहीतरी आवाज चालू होता, बायकांचा असावा, पुष्कळ बायकांचा. त्याने वाचनात व्यत्यय येत होता. एकदा मी वर न बघताच ‘शू’ सुद्धा केलं. अखेर पान एकशे सत्त्याऐंशीवर तळटीप सापडली: ‘या गाण्यांविषयी फारसे लिहिले गेलेले नाही.’ मी पेन्सिलने खूण केली आणि समाधानाने मान वर केली.

गाणं संपलं होतं.

निकिताने आजीच्या मांडीत डोकं घातलं होतं आणि हळदीचा अख्खा ठसा नव्या नऊवारीवर उठला होता. साळूबाईला दोघींनी धरून स्टेजवर चढवलं होतं, ती गोजराबाईंचा हात सोडायला तयार नव्हती. आशा, जी नको म्हणाली होती, ती पायरीवर बसून पदराने नाक पुसत होती, कारण तिच्या हळदीला हेच गाणं होतं म्हणे. आणि हिरामण सर उजवा पाय वर उचलून उभे होते. तो आपोआप उचलला गेला असं त्यांनी नंतर सांगितलं. पुढची पानं आमच्याकडे नसल्यामुळे तो खाली कसा आणावा हे त्यांना सुचत नव्हतं. त्यांना आम्ही दोघांनी धरून तसंच बसपर्यंत नेलं.

मी लगेच चौकशी केली. कुणी रेकॉर्ड केलं का? सगळ्यांनीच केलं होतं. पण पुढच्यांच्या चित्रीकरणात त्यांचाच अंगठा होता, मागच्यांच्या चित्रीकरणात पुढच्यांचे मोबाइल होते, आणि ज्या एकाचं नीट आलं होतं त्याने ते टाकताना आवाज बंद करून वर सध्या गाजणारं दुसरंच गाणं लावलं होतं. त्याला दोन हजार लोकांनी पाहिलं. संतोषने कळवलं की चार मिनिटांची अकरा झाली, त्यामुळे चुलतभावांचा नाच कापावा लागला.

मंडळाने रीतसर चौकशी समिती नेमली. समितीने गोजराबाईंच्या सादरीकरणाचे दोन भाग केले. पहिला भाग (मूक) सर्वोत्कृष्ट ठरला. दुसऱ्या भागात मोठ्या प्रमाणावर ध्वनी आढळल्यामुळे प्रमाणपत्र रद्द करण्यात आलं. ते परत आणायला मी त्यांच्या घरी गेलो, तर ते दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलेलं होतं. लॅमिनेशनमुळे वाफेने काही झालं नव्हतं. नळावर बादली भरत होती आणि बाईंचं भसाड्या आवाजात काहीतरी चाललं होतं. मला पाहून त्या थांबल्या.

मी कामाचं बोललो. या घटनेचं महत्त्व ओळखून मंडळाने त्या गाण्यावर तीनशे पानांचा ग्रंथ काढायचं ठरवलं होतं. प्रस्तावना झाली होती, सामाजिक पार्श्वभूमी झाली होती, विंचूरच्या लॉन्सचा नकाशाही झाला होता. फक्त गाणं राहिलं होतं. कारण आम्ही एकोणीस जण तिथे हजर होतो आणि एकोणीसच्या एकोणीस जण सूची पाहत होतो.

“आजी, ते गाणं तेवढं लिहून द्या.”

“लिहून कशाला?” त्या म्हणाल्या. “टेका. च्या घेता घेता म्हनते.”

मी म्हटलं, बसायला वेळ नाही, छापखानेवाला खोळंबला आहे.

“मंग ऱ्हाऊ द्या भाऊ,” असं म्हणून त्यांनी पुन्हा नळ सोडला.

ग्रंथ वेळेत निघाला. प्रकाशनाला आलेल्या सर्वांनी तो चाळून पाहिला आणि उत्कृष्ट असल्याचं सांगितलं. त्यात गाणं नाही, हे आजवर एकाही वाचकाने कळवलेलं नाही.

तुम्हीही कळवलेलं नाही. इतकी पानं तुम्ही एका बाईच्या गाण्याविषयी वाचलीत, तिच्यासाठी थोडा जीवही टांगणीला लावलात, आणि त्या गाण्याची एक ओळसुद्धा इथे आली नाही, तरी तुमचं कुठे अडलं नाही. तुमच्याही घरी कुणीतरी असं गाणारं होतं, किंवा अजून असेल. त्यातलं एखादं तुम्हाला पहिल्या ओळीच्या पुढे येतं का? घाबरू नका, म्हणून दाखवायचं नाही. सभासदत्वाला अर्जाची गरज नसते. सुरुवातीपासून इथपर्यंत वाचताना तुमचे ओठ एकदाही हलले नाहीत, तेवढं मंडळाला पुरे आहे.